हिरव्या दोऱ्याच्या कोंबड्या

येसूबाईच्या जिभेला हाड नव्हतं, हे टेंबवाडीत पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असावं. मिरजोळ्याच्या पुढे सड्याच्या उताराला ही वाडी, आणि वर चढणारी दगडी पायऱ्यांची पाखाडी येसूबाईच्या अंगणाला चिकटून जाते. त्यामुळे येणाराजाणारा तिच्या तावडीतून सुटत नसे. कुणाचा नवरा दोन शिमगे झाले तरी मुंबईहून फिरकला नाही, कुणी वरीचं शेत तणाला सोडलं, कुणाच्या लेकीने केस कापले, सगळ्याचा हिशेब अंगणातच व्हायचा. माणसं मान खाली घालून ऐकत आणि वळणावर गेली की हसत.

तरीही अडीनडीला वाडी तिच्याकडेच यायची. बाळंतीण अडली, गाय पान्हवेना, भावाभावांत बांधावरून जुंपली की येसूबाई. ती एकदा "मी सांगतंय ना" म्हणाली की विषय संपला. तिचा शब्द वाडीत बंद्या रुपयासारखा चालायचा आणि त्याचा तिला गर्वही होता. तिला स्वतःला मात्र कुणाचा शब्द सहसा पटत नसे. नवरा तरुणपणीच गेला होता, मुलगा बाळा मुंबईत एका कँटीनला होता. घरात ती, सून कमळा आणि चार वर्षांची नात चिमा. चिमा तिचा जीव की प्राण. आजीच्या हातून काय वाटेल ते खायची. कडू काढासुद्धा. आई द्यायला गेली तर थुंकायची.

ह्या चिमाच्या पोटाने घात केला. शहाऐंशीच्या पावसाळ्यात वाडीतल्या पोरांना रक्ती आव लागली. सगळी पोरं एकाच विहिरीचं पाणी पिणारी, एकाला झालं की पाठोपाठ सगळ्यांना. दवाखान्यातून गोळ्या आणल्या. पूर्वी ह्याच गोळ्यांनी दोन दिवसांत पोर खेळायला लागायचं, ह्या खेपेला ढिम्म फरक नाही. गोळी बदलली, तरी तेच. पोरं कशीबशी तगली, पण चिमाचा आजार चिवट निघाला. महिना बरा गेला की परत कळा, परत रक्त. पोरीच्या पायांच्या काड्या झाल्या.

दुसऱ्या वर्षी शिमगा झाल्यावर पेठे डॉक्टर आले. तरुण, चष्मा लावणारे, मूळचे इथलेच पण मुंबईला मोठ्या ठिकाणी संशोधन करणारे. त्यांना वाडीच्या आवेची खबर लागली होती. येसूबाईच्या ओटीवर बसून त्यांनी समजावलं की जंतू आता गोळ्यांना सरावलेत, तेव्हा दुसरा उपाय हवा.

"आणि तो उपाय काकी, कोंबडीच्या अंड्यात आहे."

येसूबाई खो खो हसली. "डागतर, अंडी खाऊन आव गेली असती तर आमच्या वाडीत आव आलीच नसती."

डॉक्टरही हसले. रागावले नाहीत, हे तिला आवडलं. मग त्यांनी सावकाश सांगितलं. आवेचे जंतू मारून कोंबडीला टोचायचे. मेलेले, त्यामुळे कोंबडीला काही होत नाही, पण तिचं शरीर त्या जंतूंना ओळखायला शिकतं आणि त्यांच्याशी लढणारं द्रव्य अंगात तयार करतं. ते द्रव्य तिच्या अंड्याच्या बलकात उतरतं. पोराने तो बलक रोज खाल्ला की पोटातल्या जंतूंना ते चिकटून बसतं, त्यांना आतड्याला धरू देत नाही. मात्र अंडं शिजवायचं नाही. कोमट दुधात फेटून द्यायचं. उकळलं की औषध मेलं.

"म्हंजे कोंबडीची ताकद पोराला उसनी," येसूबाई म्हणाली.

"अगदी तसंच!" डॉक्टरांनी मांडीवर थाप मारली.

झालं. कधी कुणावर न बसणारा तिचा विश्वास ह्या माणसावर बसला. डॉक्टर तिच्याकडे जेवू लागले. कुळथाची पिठी मागून घेत. ताट स्वतः विसळायला उठत आणि ती ओरडली की लाजत. येसूबाईला वाटे, बाळा शिकला असता तर असाच झाला असता. एवढी वर्षं तोंडाच्या काट्यांनी सगळ्यांना लांब ठेवलेली बाई, ह्या परक्या मुलापुढे मऊ झाली होती.

डॉक्टरांनी पांढऱ्या कोंबड्या आणल्या आणि तिच्या घरामागच्या परड्यात दोन खुराडी बांधली. एका खुराड्यातल्या कोंबड्यांच्या पायात लाल दोरा, दुसऱ्यातल्यांच्या पायात हिरवा. दोन्हींना सुई टोचली. येसूबाईनेच पंख धरले होते, दोन्हीकडच्या कोंबड्या सारख्याच केकाटल्या होत्या. लालच्या अंड्यावर लाल पेन्सिलीची खूण करायची, हिरव्याच्या अंड्यावर हिरवी. अर्ध्या घरांना लाल, अर्ध्यांना हिरवी, आणि पावसाळा संपेपर्यंत अदलाबदल करायची नाही.

"दोन कशाला?" तिने विचारलं होतं.

"औषधाच्या दोन तऱ्हा आहेत काकी."

"बरी कुठली?"

"तेच तर बघायचंय. मी तरी कसा सांगू?"

वाडीत ह्यावरून गोंधळ झाला. कुणाला लाल, कुणाला हिरवी, हे डॉक्टर चिठ्ठ्या उचलून ठरवणार म्हणाले आणि बायका उसळल्या. पोरं आमची, आणि जुगार खेळल्यासारख्या चिठ्ठ्या उचलायच्या? सगळा बेत तिथेच बारगळला असता. पण येसूबाई उभी राहिली. "भांडताव कशाला? आपली वाघजाय हाय ना? तिला कौल लावू. ती सांगेल कुठल्या पोराला कुठला औषध मानवेल."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. फारच सुंदर, म्हणाले. येसूबाईला तेव्हा वाटलं, ह्या शिकलेल्या माणसाला देवीची कदर आहे.

एरवी कौल म्हणजे देवीच्या अंगाला दोन्हीकडे फुलांचे कळे चिकटवायचे, उजवीकडचा पडला तर होय, डावीकडचा पडला तर नाही. पण इथे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता, म्हणून लवू गुरवाने युक्ती काढली. एका खांद्याला जास्वंदीची लाल पाकळी, दुसऱ्याला तुळशीचं हिरवं पान. जे आधी पडेल ते त्या पोराचं औषध. नारळ ठेवून लवूने गाऱ्हाणं घातलं, "म्हाराजा, ह्यो डागतर आमच्या पोरांच्या भल्यासाठी इलाय, त्याच्या हाताला येस दे, ज्याला जो औषध गुण देल तोच दाखव."

"व्हय म्हाराजा!" वाडी म्हणाली. डॉक्टरही हात जोडून म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं.

चिमाच्या वेळी तुळशीचं पान पडलं. येसूबाईचे डोळे भरून आले. हिरवा चुडा, हिरवं लुगडं, बाईच्या जन्माचं सगळं बरं ते हिरवं. देवीने पोरीची ओटीच भरली म्हणायची.

पावसाळाभर ती रोज सकाळी अंडी घेऊन पाखाडी चढली. कच्चं अंडं बघून ओकाऱ्या काढणाऱ्या पोरांना दटावलं, फसवलं, गोष्टी सांगून पाजलं. ज्या आया कुरकुरल्या त्यांना "मी सांगतंय ना" म्हणाली. श्रावणात आव आली. येणारच होती. पण ह्या वर्षी ती सगळ्या घरांत शिरली नाही. काही घरांत शिरली, काही घरं वगळून पुढे गेली.

कमळाच्या ते आधी लक्षात आलं. सासूपुढे ब्र न काढणारी पोर, पण डोळे उघडे होते. एका दुपारी भात कांडता कांडता म्हणाली, "आये, लालवाली पोरं बघितलीस? सगळी खेळतायत. हिरवीवाली तेवढी पडलीत."

"देवीनं दिलाय ता," येसूबाई फणकारली. "डागतर म्हणाले दोनी औषधं हायत. तू काय डागतरापेक्षा शानी?"

कमळाने मुसळ परत उचललं. चिमाला मात्र परत कळा सुरू झाल्या होत्या. आणि मग काही दिवसांत ती सुधारलीच. रक्त थांबलं, पेज मागून खाऊ लागली. येसूबाईने देवीला साखर ठेवली. वाडीत मिरवलं, बघा, हिरव्याला गुण यायला वेळ लागतो पण येतो.

लालची अंडी कमी भरायला लागली तेव्हा तिला आधी मुंगसाचा संशय आला. मग एके सकाळी चुलीतली राख काढताना टरफल हाताला लागलं. त्यावर लाल पेन्सिलीची खूण होती.

येसूबाईने त्या दिवशी जे केलं ते वाडी विसरली नाही. सुनेला हाताला धरून ओढत देवळात नेलं. लोकांपुढे विचारलं. कमळाने कबूल केलं, चिमाला लाल अंडी मीच देत होते. "पोर मरत व्हती आये," एवढंच म्हणाली. येसूबाईचा जीव लाजेने जळत होता. जिच्या शब्दावर वाडी कच्ची अंडी पिते, तिच्याच घरात देवीचा कौल मोडला! बाकीच्यांना ती कुठल्या तोंडाने सांगणार? तिने कमळाला नारळ ठेवायला लावला, नाक घासायला लावलं. लवू गुरव म्हणाला, राहू दे येसूकाकी, लहान हाय. तिने ऐकलं नाही.

पेठे डॉक्टरांचा तो यायचा वार होता. गलका ऐकून ते देवळापर्यंत आले आणि खांबाजवळ उभे राहिले. येसूबाई त्यांच्यापुढे रडली. कुणापुढे न रडणारी बाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "डागतरा, माझ्याच सुनेनं घोळ घातला रे. तुझ्या कामाचा इस्कोट केलान."

डॉक्टरांचा चेहरा पडला होता. त्यांनी चष्मा काढून पुसला, कमळाकडे एकदा पाहिलं, चिमाकडे पाहिलं. मग म्हणाले, "ठरल्याप्रमाणे व्हायला हवं वहिनी. चिमाला हिरवीच द्या. नाहीतर सगळ्यांचीच मेहनत फुकट जाईल."

"मग माझी पोर बरी कशी झाली?" कमळाने नाक पुसत विचारलं.

"योगायोग असू शकतो," डॉक्टर म्हणाले.

चिमाला परत हिरवी सुरू झाली. येसूबाई स्वतःच्या हाताने पाजायची, आता सुनेवर भरवसा उरला नव्हता. पोरगी आजीच्या हातून निमूट प्यायची. पंधरवडा झाला नसेल, तोच परत कळा, परत रक्त, आणि ह्या वेळी ताप. कमळाने पोरीला चादरीत गुंडाळलं आणि लांज्याला, भावाकडे निघाली.

"एश्टीत बसलीस तर ह्या घराचा उंबरा परत चढू नको," येसूबाई दारातून ओरडली.

कमळाने मागे वळूनही पाहिलं नाही. बाळाला मुंबईत निरोप गेला, तर त्यानेही आईचीच बाजू घेतली. आईच्या बाजूने बोलायची त्या घराला सवयच होती.

दिवाळी झाल्यावर पेठे डॉक्टर पेढे घेऊन आले. येसूबाईने त्यांच्यासाठी कुळथाची पिठी केली होती, वर मोरी माशाचं कालवण. डॉक्टर पाटावर बसले, पहिला घास घेतला, आणि राहवेना म्हणून सांगूनच टाकलं. "काकी, सिद्ध झालं! लाल अंड्यांच्या मुलांना आव जवळजवळ झालीच नाही. हिरव्यांत मात्र गेल्या वर्षीसारखीच. इतका स्वच्छ फरक मिळेल असं मला वाटलंही नव्हतं."

येसूबाईच्या हातात कालवणाची पळी होती. "मग हिरवा औषध वाईट निघाला म्हणायचा."

"हिरवं औषध नव्हतंच," डॉक्टर आनंदाच्या भरात म्हणाले. "त्या कोंबड्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचलं होतं. साधी अंडी. अर्ध्यांना खरं, अर्ध्यांना साधं, असंच करावं लागतं. नाहीतर औषधाने बरे झाले की आपोआप, कळणार कसं?"

येसूबाई खाली बसली. सगळं तिला लगेच उमगलं नाही. उमगलं तसं ते पायांकडून वर चढत गेलं.

"तुमाला म्हायती व्हतं? पहिल्यापासून?"

"हो, म्हणजे... माहिती असणारच."

"तुळशीचं पान पडलं तवा?"

डॉक्टरांचा घास हातातच राहिला.

"माझ्या सुनेनं देवळात नाक घासलं तवा? तुमी खांबाजवळ उभे व्हतात. मी तुमच्यापुढं रडले. तवा एक शब्द बोलला असतात तर?"

"सांगितलं असतं तर सगळेच लालच्या मागे लागले असते काकी. आणि पुढे ह्यातून हजारो मुलं वाचतील. तुम्ही समजून घ्या."

"ती हजार पोरं मी बघितली नायत," येसूबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि तिला ओळखणाऱ्याला ह्याचीच भीती वाटली असती. "तुमाला कळायचं व्हतं, आणि रगात आमच्या पोरांचं गेलं. चिठ्ठ्या नको म्हणाल्या बायका, म्हणून मी देवीला मधी घातली. आणि तुमी देवीच्याच हातून आमाला पाणी पाजलंत. वर हात जोडून व्हय म्हाराजा म्हणालात."

डॉक्टर उठायला लागले.

"बसा. वाढलेल्या ताटावरनं मी कुणाला उठवत नाय. पोटभर जेवा. पण जेवून गेलात की ह्या दारात परत यायचं नाय."

डॉक्टरांना जेवण गेलं नाही. तिने ते पाहिलं आणि तिला मुळीच वाईट वाटलं नाही. ते गेल्यावर तिने पेढे उचलून परड्यात फेकले. लाल दोऱ्याच्या आणि हिरव्या दोऱ्याच्या, दोन्ही कोंबड्या त्यांच्यावर तुटून पडल्या.

वाडीला तिने स्वतः सांगितलं. लपवलं असतं तर कुणाला कळलंही नसतं, पण घरोघर जाऊन, पाखाडी चढून सांगितलं. हिरव्या घरांतल्या बायकांनी तिला शिव्या दिल्या असत्या तर तिने सोसल्या असत्या. पण त्या नुसतं "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या. पुढे वाडीत बांधावरून तंटा झाला तेव्हा तिला कुणी बोलावलं नाही. अंगणावरून जाणारे जात होते आणि ती त्यांना टोकत नव्हती.

देवीशी तिचं भांडण झालं ते वेगळंच. एका दुपारी देऊळ रिकामं पाहून ती आत गेली आणि गाऱ्हाण्याची रीत सोडून सरळ बोलली. "त्यो परका. त्याचं सोड. तुला तरी म्हायती व्हतं ना गो? माझ्या चिमाला पान टाकलंस ता कशाला टाकलंस?" दगडाची देवी शेंदूर माखून बसली होती. येसूबाईने तिच्या खांद्यावरचं सुकलेलं फूलही काढलं नाही, तशीच परतली.

लांज्याला जायला तिला माघ उजाडला. किती वेळा एश्टीच्या थांब्यापर्यंत गेली आणि फिरली, ते तिलाच ठाऊक. कमळा भावाच्या घरामागच्या पडवीत काजूच्या बिया सोलत होती. चिकाने बोटं काळी पडलेली. सासूला बघून उठली, पदर सारखा केला, पाणी दिलं. रीत सोडली नाही तिने.

येसूबाई पायरीवरच बसली. बोलायचं म्हणून एश्टीत सगळं जुळवून आणलं होतं. आता एवढंच निघालं, "त्यानं फसवलं गो मना."

"म्हायती हाय," कमळा म्हणाली. "वाडीतनं कळलं."

"तू बरोबर व्हतीस."

कमळाने बी उचलली, फोडली, गर वेगळा काढला. "आये, तो परका माणूस. त्यानं फसवलं ता मी सोसलं असतं. पण तू मना इतकी वर्षं बघतेस. मी पोरीसाठी चोरी केली, तर का केली, ता एकदा तरी मना इचारायचं व्हतंस. तू त्याचं ऐकलंस."

येसूबाईने एक बी उचलली आणि न फोडताच परत ठेवली. 

"घरी चल," ती शेवटी म्हणाली. "मी परत कदी..."

"बघू," कमळा म्हणाली. त्या "बघू"त नकारच होता, हे येसूबाईला कळलं.

तेवढ्यात चिमा आली. अंगाने भरली होती. गालांवर रंग होता. कमळाच्या भावाने तिला वेळेत मोठ्या दवाखान्यात नेलं होतं, सलाईनवर ठेवून वाचवली होती.  येसूबाईने पिशवीतून घाईघाईने भाजलेल्या शेंगांचा लाडू काढला. घरचा गूळ, चिमाच्या आवडीचा. आणि हात पुढे केला.

"घे गो बाय."

चिमा दोन पावलं पुढे आली. लाडवाकडे बघितलं, आजीच्या हाताकडे बघितलं. मग वळून आईला विचारलं, "आये, हा लाडू मी खाऊ काय?"